मिठाच्या चौकीवरचं बोट

ऐरोलीत त्या काळी ज्या ज्या गोष्टींना मनाई होती, त्या सगळ्या फजलभाईंच्या अक्षरात होत्या. 'येथे वाहने उभी करू नयेत', 'फुले तोडू नयेत', 'जिन्यात थुंकू नये', 'फेरीवाल्यांना सक्त मनाई आहे'. आमच्या सोसायटीच्या गेटवर तर एकाखाली एक अशा इतक्या पाट्या होत्या की नवा पाहुणा गेटपाशीच विचारात पडायचा, आत जाऊन आता करायचं तरी काय! आणि हे सगळं लिहिणारा माणूस असा, की त्याने उभ्या आयुष्यात कोणाला 'नको' म्हटलं नसेल. पाटी रंगवताना त्याच पाटीखाली कोणी स्कूटर लावायला आला, तर फजलभाई रंगाचे डबे सरकवून त्याला जागा करून द्यायचे.

"अहो फजलभाई, तुम्ही 'नये' लिहिताय आणि तो लावतोय!"

"लिवायचं काम माझं," ते म्हणायचे, "वाचायचं त्याचं."

साठी नुकतीच उलटलेली, सडपातळ अंगकाठी, मेंदी लावलेली छोटी दाढी, आणि अंगात एक सदरा. तो मुळात पांढरा होता असं ते स्वतः सांगत, म्हणून आम्ही मानायचो. त्या सदऱ्यावर दर कामाचा एकेक ठिपका होता. 'हा निळा तुमच्या सोसायटीचा, हा लाल दिघ्याच्या दवाखान्याचा,' असं ते कौतुकाने दाखवत, जुने सैनिक अंगावरच्या खुणा दाखवतात तसं. मूळचे पनवेलच्या खाडीकडचे कोकणी मुसलमान. लग्न झाल्यावर ऐरोली गावात भाड्याची खोली घेतली ती कायमचीच. भोवती सेक्टर आले, सोसायट्या आल्या, खाडीवर पूल आला, फजलभाई आपले त्याच खोलीत.

त्यांच्या बायकोला, इशरतभाबींना, मी कधी पाहिलं नाही. आम्ही इकडे राहायला आलो त्याच्या कितीतरी आधी त्या काविळीने गेल्या. पण गावातल्या जुन्या माणसांपुढे त्यांचं नाव काढलं की ती आधी हसायलाच लागतात. त्या बोलायच्या. म्हणजे आपण बोलतो तसं नव्हे. खोलीला खोली लागून राहणारी त्यांची शेजारीण काशीमावशी, गावातली आगरी बाई, खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पाटीत घेऊन विकायला बसते. ती सांगायची, "इशरत बोलाया लागली का भरती येऊन ओहोटी लागं, तरी तिचा बोलना सरत नव्हता. मी भांडाया जायची तिच्याशी, नि ऐकून परत यायची. माजी पाळीच लागत नव्हती!"

आता गंमत अशी, की एवढ्या बोलक्या बाईचा एकही धड फोटो नव्हता. लग्नातला एक होता, पनवेलच्या स्टुडिओतला. मी तो पाहिलाय. त्यात फजलभाई कोट घालून उभे, आत्ताच अटक झाल्यासारखे ताठ. शेजारी इशरतभाबी. शालूची जर स्पष्ट, हातातला रुमाल स्पष्ट, आणि चेहऱ्याच्या जागी ढग. फोटोवाल्याने 'हलू नका' म्हटलं, तेव्हा भाबी त्याला विचारत होत्या, की तुमी रेवदंड्याचे काय, तुमचा चुलता गलबतावर तांडेल होता तोच ना?

"आवाज येतो हो," फजलभाई मला एकदा म्हणाले. "रोज येतो. पण चेहरा येत नाही. डोळे मिटले की सगळं येतं. बांगड्या येतात, चालणं येतं. चेहऱ्यापाशी आलं की पुसलं जातं."

ज्याने जन्मभर लोकांचे चेहरे रंगवले, त्याने हे सांगावं! मी उगाच चष्मा पुसत बसलो.

आणि त्या वर्षी हे दुखणं वाढलं होतं, कारण त्यांची मुलगी नूरीन, पनवेलला दिलेली, तिला मुलगी झाली. आई गेली तेव्हा नूरीन पाळण्यातून नुकती उतरलेली. तिने बाळाला मांडीवर घेऊन विचारलं, "अब्बा, ही अम्मीसारखी दिसते काय?" फजलभाई बाळाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रडते मात्र तिच्यासारखी. थांबत नाही." सगळे हसले. तेही हसले. मग बाहेर येऊन बराच वेळ उभे राहिले.

ते होतं नव्याण्णव साल. कारगिलची लढाई चालू होती. घराघरांत टीव्हीपुढे माणसं जेवण विसरून बसत होती, आणि गल्लोगल्ली मंडळांच्या अंगात वीररस संचारला होता. आमच्याकडे हा रस तेजसच्या अंगात सगळ्यात जास्त. तेजस म्हणजे काशीमावशीचा भाचा. आधी न्हावाशेव्याच्या बंदरात नोकरीला होता, मग सरकारने घेतलेल्या घरच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर एक इमारत उभी केली आणि बिल्डर झाला. मित्रमंडळाचा अध्यक्षही तोच. एका सकाळी फजलभाई आमच्या गेटवरच्या 'कुत्री आणू नयेत'ला नवा हात देत होते, मी दुधाची पिशवी घेऊन उभा होतो, आणि तेजस मोटारसायकलवरून आला.

"फजलचाचा, एक भिंत करायची हाय. कारगिलची. रविवारी रक्तदान ठेवलंय, त्याच्या आधी."

"काय काढायचं?"

"मधी जवान, हातात झेंडा. बाजूला त्याची आई. आई बोलते, 'जा बाळा, जिंकल्याशिवाय परतू नको.' नि खाली मंडळाचं नाव, मोठ्ठं."

"जवानाएवढं?"

"जवानापेक्षा थोडं लहान. टेन्शन नका घेऊ."

"आई असं बोलते?"

"पोस्टरवरची आई असंच बोलते, चाचा! घरातल्या आईला बोलायला दिलं तर पोरगा एसटी स्टँडच्या पुढं जाईल काय?"

मंडळात म्हणे कोणीतरी विचारलं होतं, फजलभाईंनाच का सांगायचं? तेजसने त्याला उत्तर दिलं होतं, "मग काय तुला सांगू? तुला घराचा नंबर नीट काढता येत नाय." तो विषय तिथेच मिटला होता.

फजलभाई हल्ली भिंती घेत नसत. शिडीवर पाय कापायचे, शिवाय रेडियमच्या कापलेल्या अक्षरांनी धंदा बुडवला होता. ते नाही म्हणणार, म्हणजे 'बघू' म्हणणार, एवढ्यात तेजस म्हणाला, "मिठाच्या चौकीची भिंत हाय. पुलाच्या रस्त्यावर. मालकाकडून परवानगी काढलीय, वरचे सगळे कागद खरवडून साफ करायची."

फजलभाईंचा ब्रश 'कु'वर थांबला. रंगाचा ओघळ खाली आला तरी त्यांना कळलं नाही.

"खरवडायची परवानगी दिली त्यांनी?"

"दिली ना."

"उद्या सुरू करतो," फजलभाई म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेजसनेही पाहिलं नसावं. तो जाताना दोनदा वळून बघत गेला.

मग पायरीवर बसून, मी आणलेला चहा बशीत ओतून गार करत, त्यांनी मला सगळं सांगितलं.

एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी फजलभाई मुंबईत एका छापखान्यात चित्रकार होते. लढाई रणांगणावर होते हे खरं, पण घरी बसलेल्या माणसांना ती पोचवायची तर भिंतींना कामाला लावावं लागतं. तेव्हा सगळ्या भिंती बोलत होत्या. दिवे झाका, धान्य साठवू नका, अफवा पसरवू नका. मुंबईत खिडक्यांच्या काचांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. ऐरोली गावात वीज अशी होती की ब्लॅकआउट पाळायला वेगळे कष्ट पडले नाहीत. तर फजलभाईंच्या वाट्याला जे पोस्टर आलं, त्याचं वाक्य होतं: 'शत्रूचे कान उघडे आहेत, आपले ओठ मिटा.' आणि चित्र काढायचं होतं ओठांवर बोट ठेवलेल्या बाईचं.

बाई समोर बसवायला कुठून आणणार? घरात होती तीच बसवली. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात जिचे ओठ कधी मिटले नाहीत, ती!

"बसली?" मी विचारलं.

"बसली ना. ओठांवर बोट ठेवून बसली, नि बोटाच्या आडून बोलत राहिली. म्हटलं, इशरत, देशासाठी गप बस. तर म्हणते, देशाला माहीत हाय मी काय बोलते ते, कालवांच्या रश्शात कोकम कधी टाकायचं! ते ऐकून शत्रू काय करणार, रस्सा करणार?"

पोस्टर छापून आलं, तेव्हा छापखान्याच्या मालकांनी चार प्रती घरी न्यायला दिल्या. फजलभाईंनी घरी नेऊन उलगडलं. इशरतभाबी बघतच राहिल्या, मग हसत सुटल्या आणि म्हणाल्या, "ही कोण आणलीत तुमी?" कारण मालकांच्या सांगण्यावरून कपाळावर ठसठशीत कुंकू आलं होतं. फजलभाईंना वाटलं, कुंकवालाच हसते. मग दोघांनी मिळून त्यातली एक प्रत मिठाच्या चौकीच्या भिंतीवर लावली. खळीचं भांडं भाबींच्या हातात होतं. मिठागरांच्या तोंडाशी पहाऱ्यासाठी बांधलेली ती चौकी, मिठागरांवर जाणारी-येणारी सगळी माणसं तिथूनच जायची. आणि नंतरचा आठवडाभर भाबी त्या भिंतीपाशी थांबून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "ही मी हाय. गप्प बसा सांगते."

बाकीच्या प्रती गेल्या. एक पावसात, एक उंदरांनी, एक पाहुण्यांनी नेली. राहिली ती चौकीवरची.

"मग इतकी वर्षं काढली का नाहीत?"

फजलभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी त्यांना मशिदीतली घड्याळं चोरायला सांगतोय. भिंतीवर कागद लावणाऱ्यांचा एक कायदा असतो म्हणे. दुसऱ्याचा कागद फाडायचा नाही, खरवडायचा नाही. तुझं काम असेल तर त्याच्यावर लाव. त्याच्यावर तिसरा लावील. सगळ्यांची पोटं आहेत, भिंत एकच आहे. त्यामुळे चौकीच्या भिंतीवर कागदावर कागद चढत गेले, त्याचा पुठ्ठा झाला. आणि छापखाना बंद पडल्यावर फजलभाई स्वतःच कागद लावायची कामं घेत, तेव्हा त्यांतले तीन-चार थर त्यांनीच लावले होते. भाबी तेव्हा होत्या. घरी बोलत होत्या. भिंतीवरच्या इशरतची कोणाला पडली होती?

"सर्कस मीच लावली तिच्यावर," ते बशीत बघत म्हणाले. "हत्ती होता."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. सुट्टीच काढली म्हणा ना. मिठाच्या चौकीची पडवी खाडीच्या बाजूला, तिच्या सावलीत काशीमावशी चिंबोऱ्यांची पाटी घेऊन नेहमीप्रमाणे बसलेली. फजलभाई पाण्याच्या बादलीतून गोणपाट भिजवून भिंतीवर थापत होते, कागद मऊ झाला की पत्र्याच्या पातीने हळू हळू उचलत होते. घाई अजिबात नाही. सुईणीचा हात असतो तसा हात.

आधी निवडणुका निघाल्या. एकच उमेदवार तीन वेगळ्या पक्षांतून हात जोडत तीन वेळा निघाला, दर वेळी जरा जास्त जाड.

"यो जिता हाय अजून," काशीमावशी म्हणाली. "परवाच चिंबोऱ्या नेल्या, पयसं दिल्याबिगर."

मग कपड्याचा साबण, मग लॉटरी, मग कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, त्याच्याखाली हसणारं चौकोनी कुटुंब. मग हत्ती निघाला. फजलभाईंनी हत्तीला सगळ्यात जपून उचललं, आणि मग ते थांबले. पात खाली ठेवली. हात सदऱ्याला पुसले. सदऱ्याला काय फरक पडणार होता!

"उघडा ना," मी म्हटलं.

"थांबा हो. एवढा वेळ थांबलोय."

शेवटी त्यांनी ओल्या फडक्याने वरचा पापुद्रा सोडवला. खळ भारी होती म्हणून, की आत दबून राहिला म्हणून, कागद शाबूत होता. रंग उडालेले, कडा कुजलेल्या, पण बाई पूर्ण होती. गोरीपान. लांब सरळ नाक. कोरलेल्या भुवया, आत गेलेले गाल, मोठं कुंकू. ओठांवर बोट. अशी बाई मी कॅलेंडरांवर शंभर वेळा पाहिली असेल.

काशीमावशी गुडघ्यांवर हात देत उठली, जवळ आली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "ही कोन?"

फजलभाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बायकोनेही त्यांना तेच विचारलं होतं. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, ती कुंकवालाच हसली.

ते खाली बसले. मावशीच्या पाटीशेजारीच, जमिनीवर.

"मीच केलं," ते म्हणाले. "मी काढली होती बरोब्बर. मालक म्हणाले, नाक जरा सरळ घे. घेतलं. गाल आत घे. घेतले. रंग उजळ कर. केला. म्हणाले, फजल, ही बाई कोणा एकाची वाटता कामा नये. सगळ्यांची वाटली पाहिजे, तर लोक ऐकतील." त्यांनी पात हातात घेऊन उलटसुलट केली. "ब्रश मारला नि विसरलो. मला वाटत राहिलं, तिथं इशरत हाय. एवढी वर्षं वाटत राहिलं."

मालकांचं चूक होतं असं तरी कसं म्हणावं? पोस्टरवरची माणसं तशीच लागतात. पोस्टरवरचा माणूस शिंकत नाही, कोकम कधी टाकायचं ते सांगत नाही. तो कोणाच्याच घरचा नसतो म्हणून सगळ्यांच्या घरात शिरू शकतो. देशाचं काम झालं होतं. फक्त एका माणसाचं राहिलं होतं.

खाडीवरून वारा येत होता, चिंबोऱ्या पाटीत खरखरत होत्या. काशीमावशी मात्र अजून कागदापाशीच होती. तिने चेहरा सोडून दिला होता आणि खाली बघत होती.

"अरे फजल," ती म्हणाली, "तोंडाचा नाय मना ठाव. पन बोट इशरतचा हाय."

"काय?"

"यो बोट! वाकरा बघ. कालवा फोरताना कोयता लागलेला, मीच चिंधी बांधलेली. नख दुभंगलेला, कवाच सरल आला नाय. ह्यो बघ, दुभंग."

फजलभाई उठले. चष्मा कपाळावर चढवून कागदाला नाक लागेल इतके जवळ गेले. बोट खरंच वाकडं होतं, टोकाशी जरासं डावीकडे झुकलेलं, आणि नखावर एक बारीक रेघ. मालकांनी नाकाकडे पाहिलं होतं, गालांकडे पाहिलं होतं. बोटाकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. जसं समोर होतं तसं ते काढलं गेलं होतं, आणि तसंच छापलं गेलं होतं.

त्यांनी स्वतःचं बोट त्या बोटावर ठेवलं आणि तसेच उभे राहिले. मी आणि मावशीने चिंबोऱ्यांच्या भावाबद्दल बोलायला सुरुवात केली, एरवी तो मला कधीच परवडत नाही.

त्यानंतर फजलभाईंनी भिंत साफ केली. चेहरा ओल्या फडक्याने पुसून काढला, चित्रातला हात तेवढा ठेवला. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचा कागद जसाच्या तसा भिंतीवर, त्यावर वॉर्निशचा हात. भोवती पांढरा. डावीकडे जवान उभा केला, झेंडा दिला, मागे डोंगर. जवान चांगला झाला. जवान त्यांनी शेकडो काढले होते. उजवीकडे मात्र नुसता एक हात, एक बोट वर केलेला, आणि बाकी मोकळी भिंत. शुक्रवार आला तरी तसंच.

तेजस येऊन बघून गेला. "चाचा, आई कुठाय?"

"येतेय."

"कुठं पोचली? दिघ्याला?"

फजलभाई समोर डबा उलटा ठेवून त्यावर बसायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. ब्रश हातात, रंग ब्रशवर सुकून जायचा. डोळे मिटायचे, उघडायचे, मान हलवायचे. आणि बाजूला काशीमावशीची गिऱ्हाइकं, तिची बडबड. बोलता बोलता मावशीचा इशरतपुराणाचा अध्याय लागला. एकदा मावशीच्या कोंबडीने भाबींच्या दारात घाण केली, त्यावरून भाबी काय काय बोलल्या, ते ती करून दाखवायला लागली. हात हलवत, मान वेळावत. "काशी, तुझी कोंबडी काय जमीनदाराची हाय? माझ्या दारात, माझ्या उंबऱ्यात, नि वर माझ्याकडं बघते! तिला विचार, आधी कुठं बसत होती ती? माझ्या माहेरी कोंबड्या हायत, पण अदबीच्या…"

फजलभाई हसले, आणि हसता हसता उठले. माझं त्यांच्या हाताकडे लक्ष होतं. ते नेहमी चेहरा डोळ्यांपासून सुरू करायचे. आज त्यांनी तोंड काढलं. उघडं, मधल्याच कुठल्यातरी शब्दावरचं, वरचे दोन दात पुढे आलेले. मग हनुवटी त्या शब्दामागे ओढली गेली. एक गाल वर चढला, दुसरा खाली राहिला. नाक आलं, बसकं, त्याच्या नाकपुड्या फुगलेल्या. भुवया एक वर, एक खाली.

"बोलत राहा, मावशी," ते मागे न बघता म्हणाले.

"मना काय थांबाया येतंय!"

डोळे त्यांनी सगळ्यात शेवटी काढले, आणि ते काढताना त्यांना एकदाही थांबून आठवावं लागलं नाही. चेहरा त्यांनी हातापासून जरा मागे घेतला होता. त्यामुळे ओठांवरचं बोट आता ओठांवर नव्हतं. ते चेहऱ्यापुढे, जवानाच्या नाकासमोर उभं होतं, समजावून सांगणाऱ्याचं असतं तसं. पदर कपाळावर असा ओढला, की खाली कुंकू आहे की नाही ते तिचं ती जाणे.

शनिवारी तेजस आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"चाचा, आई तोंड उघडून काय करते?"

"बोलते."

"काय बोलते? आपलं वाक्य बोलते ना?"

"स्वेटर घेतलास काय म्हणते. बर्फात ओले मोजे घालू नको म्हणते. मिळेल ते पोटभर खा, नि पोचल्यावर पत्र टाक, नाहीतर मी स्वतः येईन तिकडं."

"अहो, पण ह्यात देशभक्ती कुठं हाय?"

"भाचरा," काशीमावशी पाटीवरून ओरडली, "न्हावाशेव्याला पयल्या दिवशी कामाला गेलास, तवा तुजी आई डबा घेऊन स्टँडपरेन धावत आलेली. अनवानी. काय बोलली व्हती तुला? जिंकून ये बोलली?"

तेजसने भिंतीवरच्या बाईकडे पाहिलं. तिचं बोट जवानाकडे होतं, पण तो जिथे उभा होता तिथून ते त्याच्याकडेच आहे असं वाटत होतं. त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती.

"भजी बोलली," तो हळूच म्हणाला. "डब्यात भजी हायत, कोनाला देऊ नको बोलली." मग खाकरून परत अध्यक्ष झाला. "बरं. पण घोषवाक्य?"

"ती एवढं बोलते, अजून काय लिवू?"

"नि मंडळाचं नाव?"

"लिवतो ना. खाली."

"मोठ्ठं?"

"जवानापेक्षा थोडं लहान. टेन्शन नको घेऊ."

रविवारी रक्तदान झालं. बँड वाजला, नेतेमंडळी गाड्यांतून उतरली, भिंतीपुढे फोटो निघाले. पुढाऱ्यांना भिंत कशी वाटली ते कळलं नाही. ते सगळे भिंतीकडे पाठ करूनच उभे होते. पण गावातल्या बायका थांबत होत्या. डोक्यावरचं ओझं न उतरवता थांबत होत्या, एकमेकींना कोपर मारत होत्या, आणि एक म्हातारी तर भिंतीला म्हणाली, "व्हय गो बाय, सांग त्याला."

दुपारी गर्दी पांगल्यावर नूरीन आली, पनवेलहून, बाळाला घेऊन. फजलभाईंनी तिला काही सांगितलं नव्हतं, नुसतं 'ये' म्हटलं होतं. ती भिंतीपुढे उभी राहिली. मग बाळाचं तोंड भिंतीकडे वळवून म्हणाली, "अब्बा, अम्मी अशी होती?"

"अशी," फजलभाई म्हणाले. "म्हणजे ही एका शब्दावर अडकलीय. ती अडकायची नाही."

नूरीन हसली आणि डोळ्यांना ओढणी लावून बाळाला दूध पाजायला पडवीच्या सावलीत जाऊन बसली. फजलभाई ब्रश धुवायला बसले. काशीमावशीने पाटी उचलून भिंतीच्या अगदी पायथ्याशी आणून ठेवली, फतकल मारली आणि वर बघितलं.

"बस झाला गो इशरत," ती म्हणाली. "आता मी बोलते, तू आयक."

आणि ती सांगायला लागली. कोणाची जमीन कुठल्या सेक्टरात गेली, कोण मेलं, कोणाच्या पोराने माडी बांधली नि आईबापाला खाली ठेवलं. खाडीवर पूल झाला, आता मुलुंड पाच मिनिटांत, पण चिखलातल्या निवट्या मिळत नाहीत पूर्वीसारख्या. तुझी पोर सुखी आहे. तिला पोर झाली, ही बघ, रडते तुझ्यासारखी. कोंबडी मी कवाच विकली, तुझ्याच बोलन्यापायी. बोलता बोलता ती मध्येच थांबली, समोरच्याला बोलायला जागा द्यावी तशी, मान जराशी कलती करून.

फजलभाईंचाही हात बादलीत थांबला होता. दोघं वर बघत होती.